पन्नासचा काटा

“बाई, काटा जरा खोटं बोलेल असं काही करता येईल का?”

हे विचारताना शितोळेसाहेब उंबऱ्यात उभे होते, एक पाय चपलेत आणि एक बाहेर. खरं काम सांगून झालं होतं, पावतीही त्यांनी घडी घालून खिशात ठेवली होती. जाता जाता आठवलं म्हणून विचारतोय असा त्यांचा सूर होता, पण कान लाल झाले होते. पंचाहत्तरीला टेकलेला उंचापुरा माणूस, कडक इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. असा माणूस लाजताना मी फारसा पाहिला नव्हता.

“खोटं म्हणजे कसं?” मी विचारलं.

“म्हणजे गाडी साठनं चालली असली, तर काट्यानं पन्नास म्हणावं. एवढंच. दहाचा फरक.”

“आणि ते कशासाठी?”

“घरगुती कारण आहे,” ते म्हणाले आणि चपलेतला पाय काढून पुन्हा आत येऊन बसले.

मी मनात म्हटलं, झालं. आत आई अंथरुणाला खिळलेली होती. तिला कूस बदलून द्यायची वेळ झाली होती आणि ती वाटी वाजवून मला तेच सांगत होती. मी तेव्हा त्रेपन्न वर्षांची होते. पुण्याकडच्या एका मीटरच्या कारखान्यात, तबकड्यांच्या खात्यात, बावीस वर्षं घालवली होती. कारखाना बंद पडला, मी सांगलीला आईकडे आले आणि समोरच्या खोलीत टेबल मांडून जुन्या गाड्यांच्या मीटरना नव्या तबकड्या करून द्यायला लागले. हौशी लोक लांबून लांबून यायचे. काम मला आवडायचं, माणसांचा मात्र कंटाळा आला होता. प्रत्येकाच्या मीटरमागे एक कहाणी असायची आणि ती ऐकल्याशिवाय मीटर मिळायचा नाही.

साहेबांची कहाणी अशी. छप्पन सालची त्यांची मॉरिस, त्यांनी स्वतः घेतलेली, दुसऱ्या हाताची. स्पीडचा मीटर त्या गाडीला मधोमध असतो, चालवणाऱ्यालाही दिसतो आणि शेजारी बसणाऱ्यालाही. जुनी तबकडी मैलांची होती, उन्हानं पार करपली होती. त्यांना आता ती किलोमीटरची करून हवी होती, जुन्या वळणाच्या सायीच्या रंगाच्या आकड्यांची. इथवर सगळं सरळ होतं.

“गेल्या वर्षी एका सायकलवाल्याला माझा आरसा लागला,” साहेब म्हणाले. “त्याला काही झालं नाही, हँडल वाकलं. पण त्या दिवसापासून आमच्या हिनं धरलं. देवापुढं बसवून माझ्याकडनं वदवून घेतलं, पन्नासच्या वर गाडी न्यायची नाही. पन्नास, बाई. मी एकतीस वर्षं मोटार इन्स्पेक्टर होतो. लायसन्सच्या टेस्ट घेतल्यात मी. निम्मा जिल्हा नापास केलाय. मला ही पन्नास शिकवती. आणि कबूल केलं ते केलं, तर शेजारी बसून काट्याकडंच बघती सारखी. रस्त्याकडं बघत नाही.”

“मग वहिनींना समजावून सांगा की.”

“तुम्ही एकदा सांगून बघा,” साहेब म्हणाले. “मैलांचा मीटर होता तोवर तिला समजत नव्हतं, तीस म्हणजे किती आणि चाळीस म्हणजे किती. तर आता म्हणाली, किलोमीटरचाच करून आणा. म्हणून तर आलोय.”

आत वाटी पुन्हा वाजली.

“बघते,” मी म्हटलं. ते उठावेत म्हणून म्हटलं, दुसरं काही नाही. साहेबांनी मात्र ते होकार म्हणून घेतलं. उतरताना त्यांचा खांदा दाराच्या डाव्या चौकटीला थडकला. “दार अरुंद आहे तुमचं,” ते म्हणाले. दार साडेतीन फुटांचं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात एक ठेंगणी म्हातारी उभी. नऊवारी, हातात कापडी पिशवी, कपाळावर घाम. विट्याहून एस.टी.नं आली होती आणि स्टँडपासून चालत.

“मीटरवाल्या बाई तुम्हीच न्हवं? मी अनसूया. शितोळेसाहेबांच्या घरातली.”

पाणी दिलं तर ते एका दमात प्यायल्या. पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीचा डबा काढला, मग पदराच्या गाठीतून माझीच पावती काढून टेबलावर ठेवली. “बुशकोट धुवायला घेतला, त्यात गावली. पत्ता बघून आले. साहेबांना म्हायती न्हाई. मी आज भैनीकडं तासगावात हाय, असं सांगून आलीया.”

“काय झालं, वहिनी?”

“काम हाय एक. तुम्ही आकडं लिवता न्हवं त्या मीटरवर? मग जरा वाढवून लिवा. गाडी चाळीसनं निघाली असली, तर काट्यानं पन्नास दावावं. हुईल का न्हाई?”

मी खुर्चीत मागे टेकले. थकवा असा अंगावरून गेला की हसूही आलं नाही. “पन्नासचं तर कबूल केलंय म्हणे त्यांनी.”

“पन्नास लई हुतंय,” त्या म्हणाल्या. पदराचं टोक त्या बोटाभोवती गुंडाळत होत्या, सोडत होत्या. “त्यांना डाव्या अंगाचं दिसत न्हाई, ताई. कुणाला सांगत न्हाईत. मलाबी न्हाई. पर मला कळतंय की. ताटात डावीकडं वाढलेली चटणी हल्ली तशीच ऱ्हाती. पयल्यांदा वाटलं, जिबेची चव गेली. मग एक दिवस गुमान उजवीकडं वाढली, तर पुसून खाल्ली. तवापासनं मी चटणी उजवीकडंच वाढती. त्येंनी एकदाबी इचारलं न्हाई का म्हणून.”

“मग गाडीच बंद करा ना. डॉक्टरला दाखवा.”

अनसूयावहिनींनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात, पण मी काही तरी फार लहान मुलासारखं बोलले होते असं वाटलं.

“निम्मा जिल्हा नापास केलाय त्यांनी,” त्या म्हणाल्या. “त्येंला कोण नापास करणार? मी करू? गाडी काढून घेतली तर मानूस ऱ्हाईल व्हय? सकाळी उठून आधी तिची काच पुसत्यात, मग त्वांड धुत्यात. तुम्ही आपलं चाळीसचं पन्नास करा. हळू गेलं तर डाव्या अंगाला मी बघत असतीच.”

“बघते,” मी म्हटलं. दोघांनाही एकच शब्द. त्यांनीही तो होकार म्हणूनच घेतला आणि जाताना माझ्या आईच्या खोलीत डोकावून, तिची उशी नीट करून गेल्या.

आता मी अडकले होते. माझ्या कामाची रीत अशी, की तबकडी कापण्याआधी ती ट्रेसिंग कागदावर आखायची. कारखान्याच्या भंगारातून आणलेली एक छोटी मोटर माझ्याकडे होती. मीटरची केबल तिला जोडायची, ठरावीक फेऱ्यांवर फिरवायची आणि काटा जिथे थांबेल तिथे शिसपेन्सिलीची खूण करायची. दहा, वीस, तीस असं वर जायचं. बावीस वर्षं मी हेच केलं होतं. आमच्या खात्यात केसाएवढ्या फरकासाठी मी ट्रेच्या ट्रे परत पाठवल्या होत्या, त्यावरून बायकांच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. खोटी तबकडी माझ्या हातून कधी गेली नव्हती. नावाजण्यासारखं माझ्यापाशी तेवढंच होतं.

तर मी दोन कागद आखले. एक साहेबांचा, एक वहिनींचा. साहेबांच्या कागदावर पन्नासचा आकडा पुढे सरकला होता, वहिनींच्या कागदावर मागे आला होता. दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. दोन पन्नासांच्या मध्ये बोटभर जागा उरली होती आणि तिच्या बरोब्बर मध्यावर माझी शिसपेन्सिलीची खूण होती, खऱ्या पन्नासची.

मी बराच वेळ ते बघत उभी राहिले. आईनं दोनदा हाक मारली.

तबकडी खरीच केली तर? साहेब काटा पन्नासवर आणतील, वाटेल साठनं चाललोय, खूष. वहिनी काट्यावर पन्नास बघतील, वाटेल चाळीसनं चाललोय, त्याही खूष. आणि गाडी चालेल देवापुढं ठरलं होतं त्या वेगानं, पन्नासनं. दोघांनाही मी फसवणार होते आणि तबकडी मात्र कुणालाही फसवणार नव्हती.

वहिनींचं ऐकायला हवं होतं का? त्या ताटातल्या चटणीनंतर? मी तेव्हाही विचार केला, नंतर तर वर्षानुवर्षं केला. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मी फार थकले होते. कुणाची बाजू घ्यायची हे ठरवायला अंगात त्राण लागतं. खरं आखायला माझ्या हाताला काही विचारावं लागत नव्हतं.

मी दोन्ही कागद चुरगाळले आणि तिसरा आखला. ॲल्युमिनियमची चकती, काळा रंग, त्यावर सायीच्या रंगानं आकडे. पन्नासचा पाच जरा जास्तच सुबक आला.

साहेब तबकडी न्यायला आले तेव्हा त्यांनी ती उजेडात धरली, जवळ नेली, लांब नेली. “सुरेख,” म्हणाले. मग आवाज खाली आणून, “ते दुसरं?”

“झालंय, साहेब.”

त्याच आठवड्यात वहिनींचा फोन आला, शेजारच्या दुकानातून. “ताई, माझं काम?”

“झालंय, वहिनी.”

कुणाचं झालंय ते मी दोघांनाही सांगितलं नाही. खोटं बोलले नाही अशी मी माझी समजूत घातली.

त्यानंतर एकदाच मी त्या गाडीत बसले. दोघं एका लग्नासाठी सांगलीला आले होते, परतताना वाकडी वाट करून माझ्या दारात थांबले. मला तासगावला मावसबहिणीकडे जायचंच होतं. आईजवळ शेजारीण बसली. मी मागच्या सीटवर, वहिनी पुढे, साहेब ताठ बसलेले, दोन्ही हात चाकावर, टेस्ट देणाऱ्यानं धरावेत तसे.

गाव मागे पडलं. काटा हळूहळू चढला आणि पन्नासवर येऊन थांबला. माझी तबकडी मला मधोमध दिसत होती. उन्हात छान दिसत होती. साहेबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि एक डोळा बारीक केला. दुसऱ्या क्षणी वहिनींनी सीटच्या बाजूनं मागे हात घालून, साहेबांना दिसणार नाही असा, माझा हात दाबला.

“बघा बाई, कशी नेमात चालवतोय,” साहेब मोठ्यानं म्हणाले. “पन्नास म्हणजे पन्नास.”

“व्हय,” वहिनी म्हणाल्या. “शाना बाळ माझा.” आणि लगेच, “डावीकडं म्हसरं हाईत हं. जरा बगून.”

“दिसतायत मला.”

“मी कुठं म्हटलं दिसत न्हाईत?”

साहेबांनी गाडी उजवीकडे घेतली. दोघंही मजेत होते. वहिनी रस्त्याकडे बघत होत्या, काट्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. कित्येक महिन्यांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं. तासगावच्या चौकात उतरले तेव्हा वहिनींनी डोक्यावर हात फिरवला, जणू मी पंधरा वर्षांची होते.

अशी अडीच वर्षं गेली. दिवाळीला चटणीचा डबा यायचा. मधल्या काळात माझी आई गेली. मग एका दिवाळीला डबा आला नाही. कामाच्या रेट्यात मला ते लक्षातही आलं नाही, याची आजही लाज वाटते.

संक्रांतीच्या मागेपुढे, सकाळी दहाच्या सुमाराला, साहेब दारात उभे राहिले. बुशशर्टाला इस्त्री नव्हती. खिशाला पेन एकच होतं. ते चौकट हातानं चाचपून आत आले तेव्हाच मला कळलं.

“वहिनी?” मी विचारलं.

“गेली. दसऱ्यानंतर सहाव्या दिवशी.”

मी त्यांना खुर्चीत बसवलं, उजव्या हाताला स्टूल ठेवलं आणि चहा टाकायला आत गेले. चहा आणून त्यांच्या उजवीकडे ठेवला. त्यांनी कप नीट उचलला.

“पहाटे उठली, सडा घातला आणि पायरीवर बसली,” ते सांगायला लागले. मी काही विचारलं नव्हतं. “म्हणाली, छातीत कसं तरी होतंय. मी गाडी काढली. दुसऱ्याच्या गाडीची वाट बघत बसायला माझा जीव घेईना. विटा ते मिरज, साठ किलोमीटर धरा. रस्ता मोकळा होता. मी काटा सत्तरवर नेला आणि तिथंच धरला.”

“हं.”

“सत्तरच का धरला, ते सांगतो. मिस्त्रीनं बजावलं होतं, ऐंशीच्या वर नेलीत तर इंजिन हातात येईल. आणि तुमचा काटा दहा कमी दाखवतो. म्हणजे काटा सत्तर, तर गाडी ऐंशी. बरोबर? त्याच्या पुढं नेली आणि वाटेत बंद पडली तर तिला घेऊन मी काय करणार होतो? म्हणून सत्तर.”

मी मान हलवली.

“कवलापूरच्या अलीकडं ती बोलली. तोवर गप होती. म्हणाली, अवो, पळवा की. मी म्हटलं, पळवतोय. तर म्हणती, काटा खोटा हाय. मीच करून घेतलाय त्या बाईंकडनं. दहा जादा दावतोय तो. तुम्ही साठनंच चाललाय. पळवा.”

साहेबांनी कप बशीत ठेवला. आवाज झाला नाही.

“मी तिला म्हटलं, गप बस. मला वाटलं, दुखण्यात बरळतीय. खोटा काटा तर मी करून घेतलेला. हे तिला सांगायला पाहिजे होतं ना मी? की बाई, तू नाही, मी करून घेतलाय, आपण ऐंशीनं चाललोय, धीर धर. पण चोरी कशी कबूल करायची म्हणून गप बस म्हटलं. ती गप बसली. नंतर बोललीच नाही. दवाखान्यात नेल्यावर अर्ध्या तासात गेली. तो पोरगा डॉक्टर म्हणाला, आजोबा, थोडं आधी आणलं असतं तर. ते काय, म्हणतातच तसं. त्याचा दोष नाही.”

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. साहेब पुढे सांगायला लागले.

“दिवस झाले, पाहुणे गेले आणि मग डोक्यात घुसलं. ती कशी बरळेल? तुमच्याकडं एकटी येऊन गेल्याशिवाय तिला काटा खोटा करून मिळतो हे कसं ठाऊक? दहाचाच आकडा कसा ठाऊक? म्हणजे तीही आली होती.”

“आली होती,” मी म्हटलं. “तुमच्यानंतर तिसऱ्या दिवशी. चटणी घेऊन.”

“मग आता एकच विचारायला आलोय.” ते खुर्चीत सरळ झाले. टेस्टला आलेल्याला विचारत असतील, तसा आवाज झाला. “तुम्ही कुणाचं ऐकलंत?”

मला हिशेब करावा लागला नाही, तो आपोआप झाला. ऐंशीनं साठ किलोमीटर म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. सत्तरनं एक्कावन्न. मधली सहा मिनिटं. ती ना साहेबांची होती ना वहिनींची, ती माझ्या खऱ्या तबकडीची होती. काटा सत्तर दाखवतोय म्हणजे सत्तरच, हे त्या गाडीतल्या एका जरी माणसाला ठाऊक असतं, तरी साहेबांनी दहा आणखी चढवले असते. माझ्या तबकडीनं कुणालाच फसवलं नव्हतं म्हणून मी छाती फुगवून बसले होते आणि एक बाई माझ्या खरेपणापायी सहा मिनिटं उशिरा पोचली होती. सहा मिनिटांनी त्या वाचल्या असत्या का, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण म्हाताऱ्याला उरलेलं आयुष्यभर कुरतडायला तेवढंच पुरलं असतं.

बावीस वर्षं आणि वर ही सगळी, खोटा आकडा माझ्या हातून गेला नव्हता.

“तुमचं ऐकलं, साहेब,” मी म्हटलं.

“नक्की?”

“नक्की. काम तुम्ही आणलं होतं. मीटर तुमचा. दहा कमी दाखवतो तो, तुम्ही सांगितलं होतं तसा.”

“म्हणजे गाडी ऐंशीनं होती.”

“ऐंशीनं होती.”

“त्याच्यापेक्षा जास्त पळाली नसती.”

“नसती पळाली. होती तेवढी पळवलीत तुम्ही.”

ते माझ्याकडे बघत राहिले. इन्स्पेक्टरचे डोळे होते ते, एक बाजू गेली असली तरी. मी नजर हलवली नाही. मग त्यांनी हळूच मान डोलावली, दोनदा.

“आणि तिला काय सांगितलं होतंत?”

“झालंय म्हणून.”

“तिच्याशी खोटं बोललात.”

“हो.”

“चांगलं केलंत,” साहेब म्हणाले. “खुशीत असायची गाडीत. गाणी म्हणायची शेवटी शेवटी.”

त्यांनी चहा संपवला. थंड झाला होता, मी दुसरा देते म्हटलं तर नको म्हणाले. उठताना म्हणाले, “गाडी आता पुतण्याला दिली. मी एस.टी.नं आलोय. मला डाव्या बाजूचं दिसत नाही, बाई. चारेक वर्षं झाली. तिला मात्र मी कधी कळू दिलं नाही. घाबरली असती.”

माझ्या डोळ्यांपुढे ताट आलं आणि ताटात उजवीकडे वाढलेली चटणी. “बरं केलंत,” मी म्हटलं.

मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले. त्यांच्या डाव्या बाजूनं चालले. कोपऱ्यावर रिक्षा मिळाली. बसताना त्यांनी हात जोडले, मीही जोडले. रिक्षा वळली आणि मी घरात आले.

कपबशी उचलायला वाकले, तेव्हा खुर्चीच्या डाव्या हाताशी, गादीच्या फटीत, एक घडी केलेला कागद दिसला. सरकारी पद्धतीनं चार घड्या घातलेला, पाठकोऱ्या कागदाचा तुकडा. मी उघडला. अक्षर साहेबांचं, पावतीवर त्यांनी केलेल्या सहीवरून ते मला ओळखता आलं.

वर लिहिलं होतं, ‘तासगाव रस्ता. चालक: पुतण्या. वेळ: स्वतः.’

खाली, ‘काटा ५०: एका किलोमीटरला ७२ सेकंद. काटा ७०: ५१ सेकंद. तीन वेळा घेतले.’

मी उभ्या उभ्याच आकडेमोड केली. किलोमीटरला बहात्तर सेकंद म्हणजे तासाला पन्नास. एक्कावन्न सेकंद म्हणजे सत्तर. पुतण्याला चालवायला बसवून, स्वतः शेजारी घड्याळ धरून, किलोमीटरच्या दगडामागून दगड मोजत त्यांनी माझी तबकडी तपासली होती.

त्याखाली एक रेघ आणि रेघेखाली, आयुष्यभर शेकडो कागदांवर लिहिलं असेल तसं, ‘मीटर तपासला. बरोबर आहे.’ पुढे सही आणि तारीख.

तारीख आदल्या दिवसाची होती.

मी खुर्चीत बसले, साहेब बसले होते तिथेच. माझ्या कामावर एवढं चांगलं कुणी कधी लिहिलं नव्हतं. मी कागद पुन्हा चार घड्यांत घातला, रंगाच्या डब्यात ब्रशांखाली ठेवला. अजून तिथेच आहे. शितोळेसाहेब त्यानंतर दोन वर्षांनी गेले, पुतण्यानं कळवलं. आमची पुन्हा भेट झाली नाही.

कागद त्यांच्या डाव्या बाजूला पडला होता. खिशातून कधी निसटला, ते त्यांना दिसलं नसेल. मी तसंच धरून चालले आहे.